मल्लखांबाचे आचार्य बाळंभटदादा देवधर

सायंकाळची वेळ आहे. तालमीच्या अंगणात लाल माती सारखी केलेली आहे आणि मध्यभागी एक गुळगुळीत शिसवी खांब जमिनीत घट्ट पुरलेला आहे. खाली जाड, वर निमुळता, त्याच्यावर बारीक मान आणि मानेवर जेमतेम तळहात मावेल एवढे बोंड, असा त्याचा आकार आहे. बारा वर्षांचा एक मुलगा पुढे होतो. तो खांबाला हात लावतो, तो हात कपाळाला लावतो आणि पाहता पाहता वर चढतो. बोंडावर तो एका हाताचा तळवा टेकतो, त्याच हाताचे कोपर पोटाशी रोवतो आणि सारे शरीर जमिनीला समांतर असे आडवे उचलतो. मग दुसरा हात अलगद सोडून तो पुढे पसरतो. आता त्याच्या देहाचा सारा भार एकाच तळहातावर तोललेला असतो. खाली उभे असलेले सवंगडी श्वास रोखून मनात अंक मोजू लागतात.

या कसबाला एकहाती मयूरासन म्हणतात. हे त्या मुलाला त्याच्या वस्तादांनी शिकविले, वस्तादांना त्यांच्या गुरूंनी शिकविले आणि त्या गुरूंना त्यांच्याही गुरूंनी. अशी एकेक पायरी मागे जात आपण सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या पुण्यात जाऊन पोहोचतो. तेथे या परंपरेच्या आरंभी एक पुरुष उभा दिसतो. ते म्हणजे बाळंभटदादा देवधर.

बाळंभटदादांचा जन्म १७८० साली झाला. नाशिक जिल्ह्यात निफाडजवळ गोदावरीच्या काठी कोठुरे नावाचे गाव आहे, ते त्यांचे जन्मगाव. तो काळ पेशवाईच्या उतरत्या कळेचा होता. पानिपतचा घाव बसून एकोणीस वर्षे झाली होती. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली निवर्तले होते. तरीही महाराष्ट्रात मल्लविद्येचा मान कमी झाला नव्हता. गावोगावी तालमी होत्या, जत्रेजत्रेत कुस्त्यांचे फड भरत आणि नामांकित मल्लाला राजाश्रय मिळे. अशा वातावरणात वाढलेल्या बाळंभटदादांना व्यायामाचा व कुस्तीचा नाद लागला. पुढे ते पुण्यास आले. त्या वेळी पेशव्यांच्या गादीवर दुसरा बाजीराव होता.

त्यांच्या तरुणपणीची एक कथा मल्लखांबाच्या परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. निजामाच्या मुलखातून, हैदराबादेकडून, अली आणि गुलाब नावाचे दोन बलाढ्य मल्ल पुण्यास आले. ठिकठिकाणच्या मल्लांना जिंकीत ते येथवर पोहोचले होते. पेशव्यांच्या दरबारात त्यांनी आव्हान दिले, की आमच्याशी लढणारा मल्ल पुढे करावा, नाही तर आम्हांला जयपत्र लिहून द्यावे. यात वैराचा भाग नव्हता. त्या काळी थोर मल्ल असेच फिरत आणि आपले बळ पारखून घेत. परंतु जयपत्र देणे म्हणजे आपल्या दरबारी त्यांच्या तोडीचा एकही मल्ल नाही, अशी कबुली देणे होते. दरबारात शांतता पसरली. त्या दोघांची देहयष्टी पाहून भलेभले मल्ल खाली मान घालून बसले.

तेव्हा तरुण बाळंभटदादा पुढे आले. त्यांनी आव्हान स्वीकारले आणि तयारीसाठी एकवीस दिवसांची मुदत मागून घेतली. पाहणाऱ्यांना ते साहसच वाटले असले पाहिजे. समोरच्या मल्लांचे वजन अधिक, अनुभव अधिक. नुसत्या ताकदीच्या जोरावर त्यांच्याशी सामना देणे शक्य नव्हते. हरलो तर केवळ आपली नव्हे, तर ज्या दरबाराच्या वतीने आपण उभे राहिलो त्याचीही मान खाली जाणार, हे त्यांना ठाऊक होते. उणीव कशाने भरून काढावी, हाच त्यांच्यापुढे प्रश्न होता.

मुदत मिळताच ते वणीच्या सप्तशृंग गडावर गेले आणि तेथे देवीच्या सान्निध्यात राहून त्यांनी साधना आरंभिली. पुढे मारुतीने त्यांना दर्शन दिले आणि लाकडी खांबावर कुस्तीचे नवे नवे पेच करून दाखविले, अशी श्रद्धा आहे. आजही मल्लखांबाच्या आखाड्यात मारुतीची तसबीर असते आणि तिला वंदन केल्याशिवाय कोणी खांबाला हात लावीत नाही, त्याचे मूळ या श्रद्धेत आहे.

खांबावर व्यायाम करण्याची रीत महाराष्ट्रात अगदीच अपरिचित होती, असे मात्र नव्हे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या खांबावरील व्यायामाचा उल्लेख आढळतो. परंतु मधल्या काळात ही विद्या मागे पडली होती. बाळंभटदादांनी तिला पुन्हा प्रकाशात आणले, तिच्यात आपली भर घातली आणि तिचे शास्त्र बनविले. म्हणूनच त्यांना या विद्येचे पुनरुज्जीवन करणारे आचार्य मानतात.

मुळात खांब कशासाठी, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. कुस्तीचा सराव करायचा तर जोडीदार लागतो. पण जोडीदार थकतो, कधी जखमी होतो, कधी आपली चूक दिसूनही भिडेने बोलत नाही. खांब थकत नाही व भीडही धरीत नाही. पकड ढिली पडली, की घसरण झालीच. खांबाला एरंडेल लावलेले असते. त्यामुळे अंग सोलवटत नाही आणि केवळ घट्ट चिकटून राहून वरही टिकता येत नाही. मांड्या, पोटऱ्या, दंड, पोट, पाठ अशा सर्व स्नायूंनी एकजुटीने काम केले तरच शरीर वर राहते. खांबाला जोडीदार समजून त्याला पायांची मिठी घालणे, त्याच्याभोवती वळणे, उलटे होणे, झटकन सुटणे आणि दुसऱ्याच बाजूने पुन्हा पकडणे, या साऱ्या क्रिया कुस्तीत अतिशय उपयोगी पडतात. बलाढ्य मल्लाला थोपविण्यासाठी जी चपळाई आणि जी पकड हवी, ती या निर्जीव जोडीदाराकडून मिळते.

एकवीस दिवस संपले. कुस्तीचा दिवस उजाडला. अलीचा डोंगराएवढा देह आणि त्याच्यापुढे हा तरुण, असा तो सामना होता. परंतु अली ज्या ज्या वेळी पकड घेऊ पाही, त्या त्या वेळी बाळंभटदादा तीतून निसटत आणि अनपेक्षित बाजूने नवा पेच घालीत. अखेर त्यांनी अलीला चीत केले. आपल्या जोडीदाराची ही गत पाहून गुलाबाने लढण्याचा विचार सोडून दिला, असे सांगतात. पुण्याच्या दरबाराचा मान राहिला आणि बाळंभटदादांचे नाव सर्वतोमुखी झाले.

ही कथा ऐकून कोणास वाटेल, की एकवीस दिवसांत मल्ल होता येते. तसा अर्थ घेणे चुकीचे ठरेल. जो तरुण एवढ्या मोठ्या आव्हानाला सामोरा जाऊ शकला, त्याच्या अंगात आधीच्या कित्येक वर्षांची मेहनत मुरलेली असली पाहिजे. एकवीस दिवसांत बळ निर्माण झाले नाही. असलेल्या बळाला वळण लागले. बी वर्षानुवर्षे कसलेल्या जमिनीत पडले, म्हणून ते इतक्या लवकर रुजले.

या विजयानंतर बाळंभटदादांनी नुसत्या कुस्त्या मारीत फिरावयाचे ठरविले असते, तर त्यांचे नाव त्यांच्याबरोबरच संपले असते. जिंकलेली कुस्ती लोक फार दिवस लक्षात ठेवीत नाहीत. उद्या दुसरा मल्ल येतो आणि कालच्या विजयावर धूळ बसते. बाळंभटदादांनी वेगळा मार्ग धरिला. ज्या विद्येने आपल्याला यश दिले ती त्यांनी स्वतःपुरती झाकून ठेविली नाही. वास्तविक पेच गुप्त ठेवणारा मल्ल अधिक काळ अजिंक्य राहतो. तरीही त्यांनी शिष्य गोळा केले आणि आपल्याजवळचे सारे त्यांना देऊ केले. त्यांच्या शिष्यांत कोंडभटनाना गोडबोले यांचे नाव प्रमुख आहे.

परंतु पुढे काळ बदलला. १८१८ साली पेशवाई बुडाली. बाजीरावाला इंग्रजांच्या स्वाधीन व्हावे लागले आणि पुणे सोडून दूर गंगेकाठी, कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, जाऊन राहावे लागले. पुण्यातील दरबार मोडला आणि त्याबरोबर मल्लांचा आश्रयही गेला. ज्या विद्येला दरबाराने मान दिला ती दरबाराबरोबरच नाहीशी होणार, असाच तो प्रसंग होता. त्याआधीही ती एकदा विस्मृतीत गेलीच होती. या वेळी ती पुन्हा गेली असती, तर तिला वर काढण्यास दुसरा बाळंभट कोठून येणार होता?

या कठीण काळात गुरुशिष्यांनी ही विद्या आपल्याबरोबर उत्तरेस नेली. बाळंभटदादा आणि कोंडभटनाना यांनी काशीस आखाडा उभा केला आणि तेथे मल्लखांबाचे शिक्षण सुरू ठेविले, असे परंपरा सांगते. बिठूरच्या वाड्यातही मल्लखांब पुरला गेला आणि लहानपणी तेथे वाढलेल्या मनकर्णिकेने, म्हणजे पुढे झाशीची राणी झालेल्या लक्ष्मीबाईने, या खांबावर मेहनत केली, असेही सांगतात. राज्य गेले, वाडे ओस पडले, पण ज्या खांबाला कोठल्याही अंगणात एक खड्डा पुरतो त्याला कोण हद्दपार करणार? ही विद्या शिष्यांच्या अंगी होती. जेथे ते गेले तेथे ती गेली. पुढे या परंपरेतील मंडळींनी खांबाच्या जोडीला वेताचा आणि मग दोरीचा मल्लखांबही प्रचारात आणला. दोरीवरील मल्लखांब आज मुली मोठ्या कौशल्याने करतात.

गुरूकडून शिष्याकडे विद्या जाते म्हणजे नेमके काय होते, हे पाहायचे असेल, तर आरंभी पाहिलेल्या त्या मुलाकडे पुन्हा वळू या. एका हातावर देह तोलण्याचे कसब त्याला एका दिवसात लाभलेले नाही. वस्तादांनी त्याला पहिल्या दिवशी खांबाच्या टोकावर पाठविले नाही. आधी कित्येक महिने जोर, बैठका आणि मनगटाचे व्यायाम करविले. कारण ज्या मनगटावर सारा भार यावयाचा ते कच्चे असेल, तर दुखापत ठरलेलीच. त्याच वेळी खांबावरील साध्या पकडी व उड्या चालू होत्या.

मग जमिनीवर दोन हातांचे मयूरासन आले. दोन्ही तळवे शेजारी शेजारी टेकावयाचे, बोटे पायांकडे वळवावयाची, दोन्ही कोपरे बेंबीच्या दोन्ही बाजूंस पोटात रोवावयाची आणि छाती पुढे झुकवावयाची. येथे प्रत्येक नवशिक्या एकच चूक करतो. तो पाय जोराने वर उडवू पाहतो आणि नाकावर आपटतो. पाय उडवावयाचे नसतात. धड पुढे झुकले, की ते आपोआप हलके होऊन जमीन सोडतात. तराजूच्या एका पारड्यात डोके व छाती आणि दुसऱ्या पारड्यात पाय, असे समजा. कोपर हा त्या तराजूचा काटा. पारडी सारखी झाली, की शरीर स्थिर होते. शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर शरीराचा गुरुत्वमध्य तळहाताच्या बरोबर वर आला पाहिजे. तोल पुढे जाऊ लागला किंवा मागे जाऊ लागला, तर डोके उचलून वा हात हलवून तो सावरत नाही. तळहाताच्या ज्या कडेकडे शरीर कलते तिनेच जमीन दाबून धरावी लागते. पाहणाऱ्याला शरीर निश्चल दिसते, पण तळहात आणि बोटे एकसारखी काम करीत असतात.

दोन हातांवर स्थिरता आल्यावर एका हाताची पाळी येते. येथेही घाई चालत नाही. प्रथम पाय थोडे फाकवावयाचे, म्हणजे बाजूंचा तोल राखणे सोपे जाते. मग भार हळूहळू एका हाताकडे न्यावयाचा. दुसरा तळवा उचलून केवळ बोटांची टोके टेकावयाची. काही दिवसांनी दोनच बोटे, मग एकच बोट. ज्या दिवशी त्या बोटावर काहीच भार उरत नाही, त्या दिवशी ते उचलले काय आणि न उचलले काय, सारखेच. हात सोडण्याचे धाडस करावे लागत नाही. सोडण्याजोगी तयारी झाली, की तो सुटतो. सुटलेला हात पुढे पसरला, की तोही तोल राखण्यास मदत करतो.

हे सारे जमिनीवर पक्के झाल्यावर आणि खांबाची सवय अंगात भिनल्यावरच शिष्याला बोंडाकडे नेतात. जमिनीवर तळहाताला भरपूर जागा असते. बोंडावर ती नसते आणि खाली आठ फुटांची उंची असते. म्हणून खाली माती भुसभुशीत केलेली असते, वस्ताद हात वर करून उभे असतात आणि पडावे कसे, हेही आधी शिकविलेले असते. त्या मुलाने कितीदा तोल गमावला असेल! कधी त्याला रागही आला असेल, कधी आपल्याला हे जमणारच नाही असे वाटले असेल. अशा वेळी वस्ताद त्याला पुन्हा मागच्या पायरीवर नेतात. मागची पायरी गाठणे म्हणजे हार नव्हे. तेथे राहिलेला कच्चेपणा भरून निघाला, की पुढची पायरी आपोआप सोपी होते.

अशी पायरीपायरीने चालणारी शिकवण हेच बाळंभटदादांच्या परंपरेचे खरे वैभव आहे. अंगी असलेले कसब जन्मतःच मिळालेले आहे असे मानणारा मनुष्य दुसऱ्याला काय शिकविणार? उलट, हे मी शिकलो, म्हणून हे दुसऱ्यालाही शिकता येईल, असे ज्याला वाटते तोच गुरू होऊ शकतो. दरबारातील त्या सामन्यात बाळंभटदादा मल्ल म्हणून श्रेष्ठ ठरले. परंतु शिष्यांसाठी अंगणात खांब पुरला तेव्हा ते आचार्य झाले.

१८५२ साली बाळंभटदादांचा देहान्त झाला. बाजीराव पेशवे त्यांच्या आधी एकच वर्ष, १८५१ साली, बिठूरला निवर्तले होते. पेशवाईचे वैभव तोवर केवळ आठवणींत उरले होते. परंतु मल्लखांब मात्र वाढतच राहिला. महाराष्ट्रातून तो माळव्यात गेला, ग्वाल्हेर-उज्जैनकडे रुजला आणि व्यायामशाळांतून हजारो मुलांच्या हाती आला. १९३६ साली जर्मनीतील बर्लिन शहरी ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली आणि परदेशी प्रेक्षकांनी मल्लखांब पाहिला. पुढे १९८१ साली मल्लखांबाची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि स्पर्धांना नियमांची चौकट लाभली. २०१३ साली मध्य प्रदेशाने मल्लखांबाला आपला राज्यक्रीडाप्रकार म्हणून मान दिला. २०१९ साली मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिच्यात दूरदूरच्या देशांतील मुलेमुली उतरली होती. मराठी न येणारी ती मुले खांबाला हात लावून कपाळाला लावीत होती.

अंगणातला तो मुलगा आता खाली उतरला आहे. घामाने त्याचे अंग निथळत आहे. तो वस्तादांच्या पाया पडतो आणि बाजूला होतो; पण लगेच घरी जात नाही. त्याच्याहून लहान असा एक मुलगा जमिनीवर दोन हातांचे मयूरासन करण्याची खटपट करीत आहे आणि पाय उडवून पुन्हा पुन्हा तोंडावर पडत आहे. मोठा मुलगा त्याच्याजवळ बसतो, त्याची कोपरे नीट जागी लावून देतो आणि त्याच्या छातीखाली हात धरून त्याला हळूच पुढे झुकवितो. लहानग्याचे पाय क्षणभर जमीन सोडतात. बाळंभटदादांनी सुरू केलेले काम त्या अंगणात असे पुढे चालले आहे.